रंगनाथाच्या हॉटेलातले कोरडे कप

ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं. पण ही घटना खरी आहे. जिच्यावर बेतली ती व्यक्ती म्हणजे सूर्यभान, माझे सख्खे मामा.

१९७३ साल. गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातलं एक गाव. नाव सांगणार नाही, सोयरीक आहे तिथे.

आणि वेळ रात्रीची नव्हे. टळटळीत दुपारची.

वेशीपाशी रंगनाथाचं हॉटेल होतं. ते बंद पडलं आणि गावाला जणू सुतकच लागलं.

"काय ती भजी! काय तो चहा!" पारावर बसून बाप्ये उसासे टाकायचे. "रंगनाथानं कंदी दुजाभाव केला न्हाई."

दुजाभाव केला नाही म्हणे! जळलं मेलं कौतुक!

हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. गावकुसाबाहेरच्या लोकांनी त्यातच प्यायचं आणि धुवून परत ठेवायचा. हे मात्र एकाही मेल्याला आठवत नव्हतं.

आसारामही आठवत नव्हता.

आसाराम त्याच वस्तीतला. दुष्काळी कामावर खडी फोडायचा. आदल्या उन्हाळ्यात भर दुपारी तो हॉटेलाच्या दारात कोसळला. "पानी... पानी द्या, मालक."

आत माठ भरलेला. फळीवर डझनभर कप. पण कोनाड्यातला कप जागेवर नव्हता.

"आतला नगं. त्याचा कप बघा की कुटं हाय," भजी खाता खाता एक जण ओरडला. ते माझे मामा.

सगळे शहाणे कप शोधत बसले. सापडला तोवर आसाराम गेला होता.

महिन्याभरात रंगनाथ गाशा गुंडाळून शिर्डीला लेकीकडे गेला. मेलेल्या माणसासाठी गाव रडलं नाही. भज्यांसाठी रडलं.

मामांनी तर हट्टच धरला, तेच हॉटेल पुन्हा उभं करायचं. त्यासाठी चालतं शिलाईचं दुकान मोडलं. उद्या हॉटेल चाललं नाही तर खायचं काय, ही काळजी एकट्या मनकर्णामामीला.

पाडव्याला दुपारी बारा वाजता हॉटेल उघडलं. पहिला मान कारभारीअण्णांचा. पारावर सगळ्यात मोठे उसासे यांचेच. मामांनी चहा गाळून पुढे ठेवला. अण्णांनी फुंकर मारली, कप ओठाला लावला...

कप कोरडा.

वाफ नाही, ओल नाही. तळाला धूळ.

"सूर्यभान, चेष्टा करतोस व्हय?"

मामांनी पुन्हा ओतला. पुन्हा कोरडा. मग शेजारच्याचा. मग सगळ्यांचेच.

मामा माठाकडे धावले. माठ काठोकाठ. तांब्या बुडवला, वर काढला...

ठणठणीत कोरडा.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. कुणीतरी कप विसळत होतं... सावकाश. मग तो कोनाड्यात ठेवल्याचा आवाज.

मामा बाहेर आले. रस्ता ओस. पायरीखालची माती तेवढी भिजलेली.

आणि अगदी कानाशी...

"माजा कप घावला का, मालक?"

आवाज आत सगळ्यांनी ऐकला होता. अण्णा धोतर झटकत उठले. "रंगनाथाची सर न्हाई बाबा तुला," एवढंच म्हणाले आणि चालते झाले. बाकीचे त्यांच्यामागे.

हॉटेल त्याच दिवशी कायमचं बंद झालं.

मामा घरी आले ते तहानेने कासावीस होऊन. पितळेचा तांब्या घ्या, मातीचं बोळकं घ्या, मामांचा हात लागला की कोरडं. संध्याकाळपर्यंत जीभ टाळ्याला चिकटली. आता हे वाचत नाहीत, असं मामीला वाटलं.

शेवटी मामी म्हणाली, "वंजळ करा. बसा खाली."

तिने उंचावरून धार धरली. ते पाणी मात्र पोटात गेलं.

तेव्हापासून मामा असेच पितात. लग्नकार्यात पंगतीबाहेर उकिडवे बसतात, ओंजळ पुढे करून. मान खाली.

एकदा मी पाणी ओतत होते. विचारलं, "मामा, कधी वर का बघत नाही?"

"बगितलं हुतं एकदा," मामा म्हणाले. "वतनारा हात तुज्या मामीचा नवता, पोरी. खडी फोडून फाटलेला हुता... आताबी त्योच हाय."

मी हाताकडे पाहिलं. हात माझाच होता.

पण भरल्या तांब्याचं वजन मला जाणवत नव्हतं.