बुंदीसाठी काहीतरी चघळायला

"ते घेऊ नका."

वल्लरीनं मागे वळून पाहिलं. विश्रांतवाडीतलं ते कुत्र्यामांजरांच्या खाऊचं दुकान इतकं अरुंद होतं, की मागचा माणूस जवळजवळ तिच्या खांद्यावरूनच बोलत होता. तिशीतला, चष्मा लावलेला, अंगात करडा स्वेटर. चेहरा असा, जणू तिनं त्याच्याच ताटातलं काहीतरी उचललं होतं.

"का?" तिच्या हातात दोन्ही टोकांना गाठी मारलेलं पांढरंशुभ्र चामड्याचं हाड होतं.

"ओलं झालं की लिबलिबीत होतं ते. कुत्रं मोठा लचका तोडून गिळतं आणि तो पोटात फुगून बसतो. बाकी रंग छान आहे. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर जरूर घ्या."

पुण्यात राहून वल्लरीला अशा बोलण्याची सवय झाली होती. तिनं ते हाड परत ठेवलं आणि शेजारचा म्हशीच्या शिंगाचा तुकडा उचलला. "मग हे? यावर नैसर्गिक असं लिहिलंय."

"नैसर्गिक तर दगडही असतो."

तिला हसायचं नव्हतं… पण हसू आलंच.

"नख रुतवून बघा," तो म्हणाला. तिनं रुतवलं. शिंगावर खूणसुद्धा उमटली नाही. "बघा. नखाला दाद देत नाही, ते दाताला काय देणार? माझ्या कुत्र्याची दाढ अशाच शिंगावर तुटली. आणि मी दातांचा डॉक्टर आहे." मग क्षणभर थांबून — "माणसांच्या. तरी गल्लीत माझी किती अब्रू उरली असेल, तुम्हीच ठरवा."

त्याचं नाव आमोद. घर नारायण पेठेत, पण दवाखाना इकडे आळंदी रस्त्यावर, म्हणून दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर तो एकटा राहायचा. एकटा म्हणजे कुत्र्याबरोबर.

"तुमचा कुत्रा केवढा आहे?" त्यानं विचारलं.

"कुत्री आहे. बुंदी. म्हातारीच होत आली, पण सध्या पिल्लासारखं सगळं चावते. पायपुसणं, चार्जर, घरमालकीणबाईंचा झाडूसुद्धा." वल्लरी जरा अडखळली. "माझ्या बाबांची आहे. बाबा दिवाळीत गेले. मग मी तिला वाशिमहून इकडे घेऊन आले… डॉक्टर म्हणाले, तिचं मन रमत नाही, काहीतरी चघळायला द्या."

त्याच्या चेहऱ्यावरचा तिरकसपणा कुठल्या कुठे गेला. त्यानं फळीवर शोधून सुकवलेल्या रताळ्याच्या जाड, लांब काचऱ्यांचं पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे वाकतं, बघा. तोंडात एकदम मावणार नाही एवढा तुकडा द्यायचा. संपत आला की शेवटचा बारका भाग काढून घ्यायचा, नाहीतर तसाच गिळतात. आणि ती चघळत असेल तेव्हा जवळ बसा." मग हळूच म्हणाला, "बहुतेक तिला तेच हवं असेल."

वल्लरी पाकिटाकडे बघत राहिली. बाबा गेल्यापासून खूप जणांनी खूप काही सांगितलं होतं. जवळ बसा, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"तुमच्या कुत्र्याचं नाव काय?" निघता निघता तिनं विचारलं.

त्यानं चष्मा उगाच पुसला. "नका विचारू."

"सांगा की."

"…लाडू."

बुंदी आणि लाडू. दुकानदारसुद्धा हसला.

त्यानंतर सकाळच्या थंडीत धानोरीच्या रस्त्यावर दोघांची गाठ पडू लागली. आधी योगायोगानं, मग ठरवून, पण ठरवलंय असं कुणीच कबूल न करता. लाडू पुढे धावायचा, बुंदी आपल्या चालीनं मागून यायची. वल्लरीला खराडीच्या ऑफिसची बस गाठायची असायची, तरी टपरीवरचा एक चहा व्हायचाच. थंडीनं नाक लाल झालेलं, हातात गरम काचेचा ग्लास, आणि आमोदचं ते कोरडं बोलणं.

"तुम्ही 'का'ऐवजी 'काऊन' म्हणालात आत्ता," तो एकदा म्हणाला.

"म्हणाले. काऊन?"

"काही नाही. पुन्हा म्हणा."

"तुम्ही पुणेकर माणसं फुकट काही ऐकत नाही म्हणे."

"खरंय. म्हणून तर चहा पाजतोय."

घरी ती आता रोज संध्याकाळी बुंदीजवळ फरशीवर बसायची. बुंदी दोन पंजांत काचरी धरून डोळे मिटून चघळायची आणि मधूनच वल्लरीच्या मांडीवर हनुवटी टेकायची. पायपुसणी वाचली. वल्लरीलाही त्या शांत बसण्यात बाबांसाठी नीट रडता आलं, तेही पहिल्यांदाच.

मग वाशिमहून दादाचा फोन आला. स्थळ होतं. ऋषी, हिंजवडीत नोकरीला, आपल्याच भागातला, समंजस. "फक्त त्याले कुत्र्याचं भेव वाटते," दादा म्हणाला. "लहानपणी चावलं होतं म्हणे. बुंदीले इकडे पाठवून दे. शेतावर गेनबा आहे, पाहीन तो. येत्या रविवारी भेटून तर घे पोराले."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तिनं हे आमोदला सांगितलं. सहज सांगतेय असं दाखवत, पण त्याच्या चेहऱ्यावरून नजर न काढता.

आमोद लाडूच्या पट्ट्याचं बक्कल घट्ट करत बसला. ते आधीच घट्ट होतं.

"छान," तो शेवटी म्हणाला. "चांगलं स्थळ दिसतंय."

दुसऱ्या दिवसापासून तो फिरायला आला नाही. दवाखान्यात काम वाढलंय, असा मेसेज तेवढा आला. वल्लरीनं टपरीवर एकटीनं चहा घेतला. तो पाणचट लागला.

रविवारी दुपारी ती ऋषीला भेटायला निघाली होती. साडी नेसून झाली होती, केसांना पिन लावत होती, तेवढ्यात खालून घरमालकीण मथुराबाईंची हाक आली. आवाज नेहमीचा नव्हता.

अंगणात बुंदी पंजानं तोंड ओरबाडत गोल गोल फिरत होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

"मीच दिलं गं," मथुराबाई म्हणाल्या. "आज कोंबडी केली हुती. येवढ्या मायेनं बघत हुती माझ्याकडं… म्हटलं, एक हाड द्यावं मुक्या जिवाला."

वल्लरीनं विचार न करता आमोदला फोन लावला. तो घरातल्या चपलांवरच आला. अंगणात गुडघे टेकून त्यानं बुंदीच्या मानेवर हात ठेवला, तिच्याशी काहीतरी पुटपुटत हळूच ओठ वर केला आणि मोबाईलचा उजेड पाडला.

"टाळूला आडवं अडकलंय. मी हात लावत नाही, निसटून घशात गेलं तर पंचाईत होईल. गाडीत बसा."

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई बुंदीला आत घेऊन गेल्या. बाहेर बाकावर तिघं उरली. मथुराबाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या. वल्लरी मनातून घाबरली, आता हा काहीतरी टोचून बोलणार. दुकानात तर अनोळखी माणसालाही त्यानं सोडलं नव्हतं.

आमोद मथुराबाईंच्या शेजारी बसला.

"मावशी, आमच्या घरी आजोबा जेवायला बसले की कुत्र्यासाठी हाड बाजूला काढून ठेवायचे. आपल्याकडे माया अशीच करतात. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हालाही नाही. तुम्ही लगेच हाक मारलीत, हे महत्त्वाचं."

"आता काय द्यायचं मग तिला?" मथुराबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"गाजर द्या. वाफवून, मऊ. तुमच्या हातचं ती ते पण मायेनंच खाईल."

वल्लरी त्याच्याकडे बघत राहिली. आपल्याला हा माणूस आवडतो, हे तिला ठाऊक होतं. पण किती, ते आत्ता कळलं.

मथुराबाई पाणी आणायला उठल्या. "बुंदी गेली ना," वल्लरी म्हणाली, "तर या शहरात बाबांना ओळखणारं कोणीच उरणार नाही माझ्याजवळ."

आमोदनं तिला धीर वगैरे दिला नाही. त्यानं विचारलं, "कसे होते बाबा?"

आणि ती सांगत सुटली. शाळेतून सायकलवर येणारे बाबा, कॅरिअरवर पिशवीतून डोकं बाहेर काढलेलं पिल्लू, कवितेला चाल लावून मुलांना शिकवायची त्यांची हौस. तो ऐकत होता. मध्येच फोन वाजला. ऋषी.

"आज भेट होती ना तुमची," आमोद म्हणाला.

"होती."

तिनं फोन घेऊन, येणं जमणार नाही, एवढंच सांगितलं. मग आतून डॉक्टरीणबाई आल्या. हाड काढलं होतं. एक लहानसा कण पोटात दिसत होता, पण तो विरघळून जाईल, थोडे दिवस लक्ष ठेवा, म्हणाल्या. बुंदी गुंगीतच होती. वल्लरीचा हात लागला तशी तिची शेपटी एकदा, मोठ्या कष्टानं हलली.

बुंदी पुन्हा नीट खायला लागली, तेव्हा वल्लरीनं ऋषीला स्वतः फोन केला. सगळं खरं सांगितलं. तो भला माणूस निघाला. "तुम्ही तिला पाठवून दिलं असतं, तर मलाही वाईटच वाटलं असतं," तो म्हणाला. दादा चिडला, मग म्हणाला, "बाबांनी पण हेच केलं असतं म्हणा."

आमोदनं मात्र बुंदीच्या तब्येतीपलीकडे काही विचारलं नाही. फिरायलाही आला नाही. मग एका संध्याकाळी वल्लरी सरळ त्याच्या दवाखान्यात गेली आणि खुर्चीत जाऊन बसली.

"काय होतंय?" त्यानं मास्क लावत विचारलं.

"दाढ दुखतेय."

"कुठली?"

"तुम्हीच शोधा."

दिवा तोंडावर आला. त्यानं एकेक दाढ तपासली. गालात कापसाचा बोळा बसवला, पुन्हा पाहिलं. फारच सावकाश. मास्कच्या वर फक्त त्याचे डोळे दिसत होते, आणि ते दातांकडे बघत नव्हते.

"दात ठणठणीत आहेत तुमचे," तो म्हणाला. "म्हणजे दुखणं दुसरं काहीतरी आहे. बोलू नका, आरसा आहे तोंडात." त्यानं दिवा जरा बाजूला वळवला. "मीच बोलतो. तुम्ही गप्प असताना जमेल कदाचित. त्या दिवशी टपरीवर मी छान म्हणालो, ते खोटं होतं. मला मुळीच छान वाटलं नव्हतं. ठरत आलेल्या गोष्टीत मध्ये यायचं नाही, म्हणून बाजूला झालो… पण सकाळी लाडू दारात जाऊन बसतो आणि मीही त्याच्यामागे जाऊन उभा राहतो. वल्लरी, मला तुमच्या शेजारी चालायचंय. रोज. बुंदीच्या वेगानं चालेल."

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं काहीतरी म्हटलं, पण कापसातून नुसतंच 'ऑ' असं ऐकू आलं.

"दुखलं का?" तो घाबरला.

तिनं नकारार्थी मान हलवली. त्याचा हात बाजूला केला, बोळा स्वतःच काढला.

"स्थळाला मी केव्हाच नाही म्हटलंय," ती म्हणाली. "आणि मला तुम्ही नको म्हणू. तू म्हण."

आमोदनं मास्क उतरवला. बाहेर पुढच्या पेशंटनं खोकून वेळेची आठवण करून दिली. तरी दोघंही जागची हलली नाहीत.

"वल्लरी…" तो शेवटी म्हणाला, "तू… जरा थांबशील? हा एवढा पेशंट झाला की दवाखाना बंद करतो."

"थांबते," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन, खोकणाऱ्या आजोबांना जागा करून देत, बाकावर बसली.