सहा दिवसांची ढाल

सोनाली येणार नव्हती. 'सॉरी गं, पाहुणे आलेत' हा तिचा मेसेज आला, तेव्हा पूर्णिमा कर्वेनगरच्या त्या कॅफेचा जिना चढून, कॉफी सांगून, बसलीसुद्धा होती. वैतागून ती उठणार, तोच शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं,

"माफ करा... तुम्हाला तलवार चालवता येईल का?"

तिनं वळून पाहिलं. चौकोनी चष्मा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि चेहऱ्यावर अगदी प्रामाणिक काळजी.

"रोजच चालवते," ती म्हणाली. "खडकीच्या सिग्नलला."

तो लगेच हसला नाही. आधी नीट विचार केला — आणि मग हसला. उशिरा आलेलं ते हसू तिला आवडून गेलं.

त्याचं नाव मच्छिंद्र सातव. वाघोलीचा. त्यांच्या टेबलावर दर रविवारी एक खेळ चालायचा. राकेश नावाचा मित्र गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. त्यांच्यातली तलवारबाज होणारी मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली होती, म्हणून जागा रिकामी होती.

"नाव काय ठेवू तुमच्या पात्राचं?" राकेशनं विचारलं.

"चपला."

"पायातल्या?"

"आकाशातली. वीज म्हणतात तिला."

मच्छिंद्रनं कागदावर सुरेख अक्षरात लिहिलं — चपला. खाली, 'खेळाडू : पूर्णिमा ओव्हाळ'.

त्याच्या स्वतःच्या पात्राचं नाव होतं तांबट. तांबट लढायचा नाही. पहिल्याच लढाईत चपलानं एक अजस्र विंचू लोळवला, सगळ्यांनी जल्लोष केला, आणि तांबट खाली बसून विंचवाची नांगी सोडवू लागला.

"आम्ही जीव मुठीत धरून लढतोय आणि तुम्ही भंगार गोळा करताय?"

"कामाचं आहे," मच्छिंद्र शांतपणे म्हणाला.

दोन रविवारांनी चपलाच्या खांद्याची जखम शिवायची वेळ आली, तेव्हा तांबटानं त्या नांगीचीच सुई काढली. ती टोचली की भाग बधिर व्हायचा. चपलाला शिवताना दुखलं नाही. टेबलापलीकडे बसलेल्या पूर्णिमाला मात्र कुठेतरी काहीतरी हललेलं जाणवलं...

मग तिला नादच लागला. एका कुरिअर कंपनीत डिस्पॅचचं काम करणारी ही मुलगी. दिवसभर तोंडात एकच शब्द — लवकर! रविवारी मात्र ती त्याचं सावकाश बोलणं टक लावून ऐकायची. वस्तू बनवायची तर साहित्य हवं, अवजार हवं, दिवस हवेत आणि शेवटी फासा हवा, असा खेळाचा नियम. बाकीचे मुक्कामाचे दिवस खजिना शोधण्यात घालवायचे. तांबट ते दिवस भट्टीपाशी घालवायचा. त्यानं बर्फावर पाऊल उमटू न देणारे लोकरीचे मोजे विणले. कुणी खोटं बोललं की किणकिणणारी बोटाएवढी घंटा ओतली — तिच्या जोरावर त्यांनी राजदरबारातला कट उघडा पाडला. जिंकल्याचं श्रेय सगळे तलवारीला द्यायचे. तो पुढच्या वस्तूचं साहित्य मोजायला लागायचा.

एकदा त्यानं चपलाच्या तलवारीच्या मुठीला चामडं गुंडाळलं.

"उलट्या बाजूनं गुंडाळलंय," तो म्हणाला. "चपला डावखुरी आहे."

"मी कधी सांगितलं तसं?"

"तुम्ही कप डाव्या हातानं उचलता... म्हणून मी तसं धरून चाललो."

पूर्णिमानं कप खाली ठेवला. मग कुठल्या हातानं उचलावा ते तिला सुचेना.

मार्चमध्ये गोष्टीत ड्रॅगन आला. त्याची आग अडवणारी ढाल बनवायला सात दिवस लागणार होते.

"सात?" पूर्णिमा म्हणाली. "तो काय आमंत्रणाची वाट बघत बसलाय? आटपा ना लवकर!"

मच्छिंद्रनं तिच्याकडे पाहिलं. तिचे चमकणारे डोळे, टेबलावर नाचणारी बोटं.

"बरं... सहा दिवसांत देतो."

"सहा दिवसांत केलीस तर बारीक चीर राहील," राकेशनं बजावलं. "टिकेल की नाही ते आगीतच कळेल."

आगीत कळलं. पूर्णिमानं फासा टाकला; एक पडला, सगळ्यांत वाईट आकडा. ढाल मधोमध फुटली. राकेशनं हळूच तिचा कागद ओढून घेतला आणि उलटा ठेवला. चपला मेली होती.

"अहो, खेळच आहे," पूर्णिमा हसून म्हणाली. मच्छिंद्रचा चेहरा पांढराफटक पडला होता.

संचेतीचा पूल ओलांडल्यावर तिनं स्कूटर कडेला घेतली आणि डोळे पुसले. चपलाचं दुःख नव्हतंच ते. आता कुणी रविवारी बसून आपल्यासाठी काही घडवणार नाही — हे होतं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर, 'काम आहे जरा.' तिसऱ्या आठवड्यात पूर्णिमानं शनिवारी हाफ डे टाकला आणि थेट वाघोली गाठली.

दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो दात बनवायचा. हे तिला ऐकून माहीत होतं; बघत होती ती पहिल्यांदाच. कपाळावर भिंग, हाताला दातांच्या साच्याचं पांढरं प्लॅस्टर लागलेलं, समोर खुर्चीत सोजरबाई नावाच्या एक आजी. त्यांनी कवळी दोनदा परत केली होती. दात सरळ होते, पांढरे होते, पण 'ह्ये माझं न्हाई' एवढंच त्या म्हणत. डॉक्टर कंटाळले. मच्छिंद्रनं मात्र त्यांच्या लग्नातला फोटो मागवून भिंगाखाली पाहिला होता. समोरच्या दोन दातांत त्यांना फट होती. त्यानं ती फट परत घडवली.

आजींनी कवळी बसवली, आरशात पाहिलं — आणि खुदकन हसल्या.

"आरं... ह्ये तर माझंच त्वांड हाय!"

दारात उभ्या पूर्णिमाचे डोळे भरले. खेळातला तांबट त्यानं कुठून आणला होता ते तिला आता दिसलं. इतका सुंदर माणूस आपण आयुष्यात पाहिलेला नाही, असं तिला अगदी साधेपणानं वाटलं.

आजी गेल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "चूक माझी होती. सात दिवस लागतात हे माहीत असून सहा म्हणालो."

"का म्हणालास?" आपण अरे-तुरेवर आलो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"तुम्ही मागितलेत म्हणून. तुम्हाला नाही म्हणता येत नाही मला... त्यानं काम बिघडतं."

"मी ड्रॅगन मारायला येत नव्हते रे," ती म्हणाली. "या रविवारी तू माझ्यासाठी काय केलं असशील, हे बघायला यायचे. आठवडाभर तेवढंच डोक्यात. चपला मेली तर मरू दे. मला तू... तू हवा आहेस."

तो आपल्या प्लॅस्टरनं माखलेल्या हातांकडे बघत राहिला. मग बेसिनपाशी गेला. नखं घासून, सावकाश हात धुतले, पुसले. 'लवकर' न म्हणता पूर्णिमा थांबली. परत येऊन त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. हात पाण्यानं गार झाले होते.

"मलाही," तो म्हणाला. "कधीपासून ते विचारू नकोस. लाज वाटेल इतकं आधीपासून."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माझं आडनाव माहीत आहे ना?"

"मीच लिहिलं होतं की कागदावर."

"आणि तुझ्या आईला? जातीचं काय म्हणतील त्या?"

"घर इथंच मागे आहे. सांगू या."

"आत्ता? लगेच?" तिनं त्याला मागे ओढलं. "अरे, जरा थांब ना..."

तो थांबला नाही.

त्याची आई, यमुनाबाई, दारापुढच्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. "आई, ही पूर्णिमा," मच्छिंद्र म्हणाला आणि पुढचे शब्द शोधू लागला. तिनंच ते पूर्ण केले.

"पूर्णिमा ओव्हाळ. खडकीला राहते."

यमुनाबाईंचे हात थबकले. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दोघांच्या हातांकडे. ते सुटले नव्हते.

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि भरलेला तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"उन्हाची आलीस," त्या म्हणाल्या. "घे, पाणी पी. अन् आत ये बाई, ओट्यावर किती वेळ उभी राहशील?"