आठ किलोवॉटचा जनरेटर आणि तीन पंप

जनरेटरची ताकद आठ किलोवॉट आणि पंप तीनच, तेही एकेका किलोवॉटचे. तरी जनरेटर दोनदा घरघरून बंद पडला. सुरंगीला काही केल्या उलगडा होईना.

गावच्या मत्स्यबीज केंद्रातली (माशांची पिल्लं वाढवण्याची जागा) वीज जाऊन वीस मिनिटं झाली होती. पंप पाण्यात हवा सोडतात, त्यावर टाकीतली जिताड्याची आठ हजार पिल्लं जगतात. आता ती वर येऊन तोंडं उघडझाप करत होती. महिनाभर सुरंगीनेच त्यांना भरवलं होतं.

"आठातून तीन गेले, पाच शिल्लक," केंद्रातला यंत्रमानव टिंब म्हणाला. "माझं गणित बरोबर आहे. जनरेटर चुकतोय."

आपण बरोबर असल्याचा टिंबला जरा जास्तच अभिमान.

सुरंगीचे आजोबा निवृत्त वीजशास्त्रज्ञ. त्यांनी शांतपणे विचारलं, "सुरंगे, वीज गेल्यावर पंपांची बटणं बंद केलीस?"

"नाही. चालूच ठेवतो ना आपण. म्हणजे लाईट आली की कळतं."

अख्ख्या गावाची हीच सवय.

"बरं. सायकलला पहिलं पायडल मारताना किती जोर लागतो?"

"खूप. एकदा सुटली की मग हलकी जाते."

"पंपाच्या मोटरचंही तसंच. थांबलेली ही मोटर फिरवायला क्षणभर पाचपट वीज लागते. तो आरंभप्रवाह (सुरू होताना मोटर ओढते ती जादा वीज)."

सुरंगीने बोटं मोजली. तिन्ही पंप एकदम, म्हणजे पाच त्रिक पंधरा. आठाचा जनरेटर दमणारच! पण एकेक लावला तर? पहिल्याला पाच. तो एकावर स्थिरावला की दुसऱ्याचे पाच मिळून सहा. तिसऱ्याच्या वेळी सात.

"मी लावते, आजोबा."

तिने तिन्ही बटणं बंद केली, जनरेटर सुरू केला आणि त्याचा आवाज एकसारखा होईपर्यंत थांबली. मग पहिला पंप. जनरेटर क्षणभर कण्हला आणि सावरला. दुसरा. तिसऱ्याला तर दिवाही मंदावला, पण जनरेटर टिकला. टाकीत बुडबुडे उसळले आणि थोड्या वेळाने पिल्लं तळाकडे वळली. सुरंगीला रडूच आलं.

"माझं गणित चुकलं नव्हतं," टिंब म्हणाला.

"अर्धंच होतं," सुरंगीने डोळे पुसले.

आजोबा म्हणाले, "सगळं राज्य अंधारात गेलं, तरी वीजवाले एकेक भागच जागा करतात. चंद्रावर वस्ती होतेय ना, तिथेही असंच करावं लागेल."

"तिथे माणूस नेमलाय?"

"अजून नाही."

"मग थांबा म्हणावं. माझी शाळा संपायला पाचच वर्षं आहेत."