एकाच नावाच्या दोघी

"नाव?"

"अखिल."

"पूर्ण सांगा. आणि उंची?"

"अखिल प्रकाशचंद लोढा. पाच फूट नऊ इंच… पण उंची कशाला?"

दिपमालाचा पेन थांबला. तिनं मान वर केली. समोर चौकड्यांच्या शर्टातला, खांद्याला काळी बॅग लावलेला एक तरुण उभा होता. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"लोढा? म्हणजे तुम्ही आमच्या समाजातले नाही."

"नाही ना. मी कॉम्प्युटरवाला. जळगावहून आलोय. काल तुम्हीच फोन केला होता ना, रडत?"

"मी रडत नव्हते."

"बरं. सर्दी झाली असेल."

तिनं वधू-वर नोंदणीचा फॉर्म चुरगाळून टेबलाखाली टाकला. कान तापले होते. एरवी तिला हसू आलं असतं, पण त्या सोमवारी हसण्याची सोय नव्हती. येत्या रविवारी चाळीसगावला समाजाचा वधू-वर मेळावा होता. सहाशे बारा मुला-मुलींची माहिती आणि फोटो असलेलं पुस्तक गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत जळगावच्या छापखान्यात पोचायला हवं होतं. मंडळाचे चिटणीस झुलालआबा. दिपमाला त्यांची मुलगी. धुळ्याच्या आग्रा रोडवरचं हे दोन खोल्यांचं ऑफिस तीच सांभाळायची.

आणि शनिवारी कॉम्प्युटर बंद पडला होता. नवीन डिस्क बसवून तिनं बॅकअप परत घ्यायला सुरुवात केली, तो अर्ध्यातच अडकला. पुन्हा घेतला, पुन्हा अडकला. तिसऱ्या वेळी बॅकअपच्या डिस्कनंच मान टाकली. हाती काय उरलं, तर प्रत्येक फाइल दोनदा, तीनदा, काही पाचदा. काही रिकाम्या, काही जुन्या, काही अर्ध्या.

अखिलनं स्क्रीन वरपासून खालपर्यंत पाहिला. त्याच्या डोळ्यांतलं हसू मावळलं.

"यातलं तुम्ही काही पुसलंत का?"

"थोडं. ज्यांच्या नावापुढे कंसात एक, दोन असे आकडे होते, ते. तेच डबल असतात ना?"

त्यानं माउस तिच्या हाताखालून स्वतःकडे ओढून घेतला. तेच तिला जास्त लागलं.

"आता काही पुसू नका," तो हळूच म्हणाला. "नाव सारखं म्हणजे माणूस सारखा, असं नसतं."

*

काम चार दिवसांचं होतं. अखिल रोज सकाळच्या बसनं जळगावहून यायचा, संध्याकाळी परत जायचा. अक्षरन् अक्षर सारख्या असलेल्या फाइली त्याच्या प्रोग्रामनं ओळखून बाजूला काढल्या; त्याची काळजी नव्हती. खरी डोकेदुखी उरलेल्यांची. नाव तेच, आतला मजकूर वेगळा. त्या दोघांनी मिळून एकेक उघडून पाहायच्या. एका खुर्चीवर ती, एकीवर तो, मध्ये वीतभर जागा. ती वीत दिवसागणिक कमी कशी होत गेली, हे दोघांनाही माहीत होतं… आणि दोघंही स्क्रीनकडे बघत होते.

"हा जामनेरचा नवल. आधी म्हणतो 'उंच मुलगी हवी', नंतर म्हणतो 'उंचीची अट नाही'."

"नंतरचं ठेवा. शहाणपण उशिराच येतं," तो म्हणाला.

दुपारी तिनं डबा उघडला. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. त्यानं हात जोडले. "कांदा-लसूण चालत नाही मला."

"कांदा नाही? लसूण नाही? मग जगता कशावर?"

"आशेवर."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला तो मोडलाच, तोंडात घालायला विसरली. दुसऱ्या दिवशी डब्यात भरताची एक वाटी वेगळी होती. वर नुसती कोथिंबीर. त्यानं चव घेतली, तिच्याकडे पाहिलं, आणि वाटी पुसून खाल्ली. गप्प बसून माणूस इतकं बोलू शकतो, हे तिला नव्हतं माहीत.

बुधवारी दुपारी तिच्याच नावाची फाइल आली. एक नाही, सहा.

"दिपमाला झुलाल पाटील," त्यानं वाचलं. "सहाही वेगळ्या."

"त्या राहू द्या. मी बघते."

"नियम म्हणजे नियम. अपेक्षा… सरकारी नोकरी. पुढची… सरकारी नोकरी आणि बागायती शेती. ही… पुण्यात स्वतःचं घर." तो शेवटच्या, म्हणजे सर्वांत जुन्या फाइलीवर आला आणि अडखळला. तिथं एकच ओळ होती. "'ज्याच्याशी भांडता येईल असा'."

दिपमाला खिडकीकडे बघत होती. बाहेर बोरं विकणारी ओरडत होती. "ती मी लिहिली होती. बाकीच्या आबांनी सुधारल्या."

"मग ठेवायची कोणती?"

"छापायला नवीनच जाणार. आबांची."

"मी छापायचं विचारलं नाही—"

"अखिल," ती म्हणाली. पहिल्यांदाच नुसतं नाव. "या पुस्तकात तुमचं नाव येऊ शकत नाही. मग हे विचारून काय उपयोग?"

त्यानं माउसवरचा हात काढून घेतला. संध्याकाळपर्यंत दोघंही कामापुरतंच बोलले.

*

गुरुवारी बारा वाजता सगळं साफ झालं. सारखं ते एकदाच, वेगळं ते तपासून. अखिलनं आकडा वाचला.

"सहाशे अकरा."

"बारा पाहिजेत."

पुन्हा मोजलं. अकराच. दिपमालानं नोंदणीची वही काढली. तिच्यात क्रमांक, नाव आणि गाव, एवढंच. बाकी सगळं थेट कॉम्प्युटरवर भरून घेतलेलं. एकेका नावावर बोट ठेवत ती खाली उतरत गेली. एका ठिकाणी बोट थांबलं.

रत्ना पाटील, अमळनेर. त्याच्या नऊ ओळी खाली, रत्ना पाटील, सोनगीर.

"दोघी आहेत," ती म्हणाली. "दुसरीच्या फाइलीला कंसात एक होता. मी… मीच पुसली. डबल समजून."

पुसलेलं शोधून काढायचा प्रयत्न अखिलनं केला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. शेवटी स्क्रीनवर अर्धा फोटो उमटला. कपाळ, भुवया, दोन मोठे शांत डोळे, आणि त्याखाली करड्या पट्ट्या. माहितीची फाइल तर मिळालीच नाही. फोन नंबरही त्याच फाइलीत होता.

ते डोळे दिपमालाला आठवले. चार वर्षांपूर्वी नवरा अपघातात गेलेली बाई. तिला नोंदणीला घेऊन आली होती तिची सासू, यशोदाबाई. सासूनं सुनेचं नाव लग्नासाठी लिहून द्यायचं… ऑफिसातले सगळे त्या दिवशी हातातलं काम सोडून बघत राहिले होते.

"एक नाव कमी गेलं तर कोणाला कळणार नाही, असं म्हणणारे भेटतील तुम्हाला," अखिल म्हणाला.

"तुम्ही म्हणताय?"

"मी लॅपटॉप भरतोय. गाडी आहे तुमच्याकडे?"

*

स्कूटी तिनं चालवली. मागे तो, मांडीवर बॅग, दोघांच्या मध्ये मुद्दाम राखलेलं अंतर. हायवेवर ट्रकांचा वारा गाडी हलवत होता. एका कंटेनरनं इतकी जवळून झेप घेतली, की त्याचा हात आपसूक तिच्या खांद्यावर आला.

"सॉरी."

"राहू द्या," ती वाऱ्यातच ओरडली. "पडलात तर सहाशे बारा जणांचं लग्न अडेल."

सोनगीरला तांब्या-पितळेच्या दुकानांपाशी विचारत विचारत घर सापडलं तेव्हा सव्वातीन झाले होते. रत्ना दारातच मेथी निवडत बसली होती. दिपमालानं झालं ते सांगितलं, काही न लपवता. चूक माझी, म्हणाली.

रत्ना मेथी निवडतच राहिली. "पुसलं गेलं ना? मग जाऊ द्या ताई. तसंच व्हायचं असेल. एकदा धीर केला होता. परत परत नाही होत."

घड्याळ पुढे पळत होतं, आणि दिपमालापाशी फक्त खरं उरलं होतं. ती खाली, रत्नाशेजारी जमिनीवर बसली.

"तुमचं व्हायचं नव्हतं असं नाही, ताई. मी नीट बघितलं नाही. तुमचं आणि दुसऱ्या मुलीचं नाव सारखं, म्हणून मी दोघींना एकच समजले. माझ्या आळसाला नशीब म्हणू नका."

आतून यशोदाबाई बाहेर आल्या. सगळं ऐकलं असावं. सुनेच्या मांडीवरची मेथीची जुडी त्यांनी उचलली.

"ऊठ माय. तोंड धू," त्या म्हणाल्या. "मना पोरगा गया. तुनं जिनं नही गयं."

रत्ना उठली. डोळे पुसत आत गेली, आणि आली ती निळ्या साडीत. अखिलनं अंगणात उजेड बघून फोटो घेतला, दिपमालानं माहिती भरली. वय, शिक्षण, शिवणकाम. अपेक्षेच्या रकान्यापाशी रत्ना थांबली. "लिहा… सासूबाईंना भेटायला येऊ देणारा."

*

चार वाजून वीस मिनिटं. पान लागलं, पुस्तक पुरं झालं, पण फोनला रेंज नव्हती. अंगणात नाही, रस्त्यावर नाही. "किल्लाकडे चढा," यशोदाबाईंनी हात केला, "तठे लागस."

दोघं चढणीला लागले. दगड निसरत होते. तिची चप्पल सटकली तेव्हा त्यानं हात पुढे केला, आणि या वेळी कोणी सॉरी म्हटलं नाही. अर्ध्या वाटेवर रेंज आली. त्यानं एका दगडावर लॅपटॉप टेकवला. खाली हायवे उन्हात चमकत होता.

"पाठवू?"

"थांबा." तिचा श्वास लागला होता, चढणीमुळे म्हणावं तर तेवढ्यामुळेच नाही. "माझं पान काढा."

तो बघतच राहिला. "दिपमाला, नीट विचार करून—"

"तीन दिवस तोच करतेय. बाकी पानं तपासत होते ना, प्रत्येक मुलाचा फोटो पाहिला. चांगली आहेत हो मुलं… पण एकाशीही भांडावंसं वाटलं नाही."

वारा तिच्या ओढणीला ओढत होता. अखिलचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला.

"आणि माझ्याशी?"

"तुमच्याशी… तुझ्याशी पहिल्या मिनिटापासून भांडतेय."

"माझ्या घरी सोपं नाही," तो म्हणाला. "पप्पा फार मोजकं बोलतात. नाही म्हणाले, तर तेही एकदाच म्हणतील. पण मी आज सांगणार. तू इथं पान काढायचं आणि मी तिथं गप्प बसायचं, हे नाही व्हायचं."

"मग काढ."

त्यानं ते पान काढलं. फाइल पाठवली. निळी पट्टी रांगत सरकत होती. सत्तर, ऐंशी, तिथंच अडली… आणि पोचली. पाचला बारा मिनिटं होती. छापखान्यातून फोन आला, "मिळालं हो." दिपमाला मटकन दगडावर बसली, आणि मग खरोखर रडली. त्यानं सर्दीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी झुलालआबांनी छापलेली पानं चाळली. दोनदा चाळली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुनं पान कोठे शे?"

"मी काढलं, आबा."

समाजाच्या चिटणीसाची पोरगी, आणि तिचंच पान नाही. रविवारी शंभर जण विचारतील. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना तिला दिसत होतं.

"कोन शे तो?"

तिनं सांगितलं. नाव, गाव, घर. रत्नाचंही सगळं सांगितलं, आपली चूक आणि सोनगीरचा रस्ता.

आबांनी पानांचा गठ्ठा ठोकून सारखा केला. "त्याना बापले माहीत शे का?"

"काल सांगणार होता. अजून फोन नाही आला."

"मंग पहिले त्याना घरनं कळू दे," ते उठत म्हणाले. "चोरीचं नातं मी ऐकाव नही. खुलं व्हयनं, तर ऐकसू."

हो नव्हे, पण नाहीही नव्हे. दिपमालानं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

फोन शनिवारी सकाळी आला. ती मेळाव्याचे बिल्ले मोजत होती.

"सांगितलं," अखिल म्हणाला.

"मग?"

"आई रडली. काल दिवसभर कोणी कोणाशी बोललं नाही. पप्पा तर माझ्याकडे बघेचनात."

तिच्या हातातले बिल्ले खाली ठेवले गेले. "अखिल…"

"ऐक तर. आत्ता दुकानाला निघाले. पायरीवर चपला घालताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाले…" त्याचा आवाज कापला, हसतोय की रडतोय, तिला कळेना. "म्हणाले, 'धुळ्याची पहिली बस किती वाजता सुटते रे?'"