महापौरांनी नाकारलेला पूल

उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवता फिरवता त्याचा हात थांबला... बायकोने समोर ठेवलेल्या तपकिरी फायलीवर त्याचंच नाव होतं.

नऊ वर्षं शहराची महापौर असलेली त्याची बायको कालच पायउतार झाली होती. दालन रिकामं करताना नवऱ्याची जुनी सेवा-फाइल पाहावी असं तिला सहज वाटलं होतं, एवढंच.

"मला म्हणालात, नोकरीचा कंटाळा आलाय. आणि राजीनाम्यात लिहिलंय..." ती फायलीतून वाचू लागली. "'पत्नी महापौर झाली आहे. मी पुलांच्या खात्यात राहिलो, तर तिच्या प्रत्येक सहीकडे लोक संशयाने पाहतील.'"

त्याने इस्त्री बंद केली. कंटाळा... पेन्सिलीला टोक काढण्यातही ज्याने पंचवीस वर्षं सुख मानलं, त्या पुलांचे नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनला कंटाळा कसा येणार? पण ते खोटं तो इतकं सहज बोलून गेला होता, की तिला ते खरंच वाटलं. आणि पुढे तो तिच्या भाषणांना जाईना, कचेरीची पायरी चढेना, तेव्हा हा माणूस आपल्या यशावर रुसलाय असं तिच्या मनाने घेतलं. "माझं मोठं होणं तुम्हाला सोसत नाही," असं एकदा ती संतापून म्हणालीही होती. त्या शब्दांनी त्याचं अंतःकरण विदीर्ण झालं होतं... तरी तो खाली मान घालून भाजी चिरत राहिला होता.

"मुख्य कारकुनांनी हाही दिला," तिने एक नकाशा उलगडला. "म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. नदीवरचा पादचारी पूल. कोपऱ्यातलं तुमचं नाव खोडलंय."

"मीच खोडलं. निघताना."

"आणि पहिल्याच वर्षी मी तो नामंजूर केला." तिचे डोळे भरून आले. "त्या दिवशीही तुम्ही मला गरम जेवायला वाढलंत... एक शब्द बोलला असतात तर?"

"तर तू मंजूर केला असतास."

"चांगला होता म्हणून केला असता."

"चांगला म्हणून, की माझा म्हणून? ते तुला तरी कळलं असतं का?"

तिने नकाशाची दुमडलेली कड सरळ केली. तोच जरा घुटमळत म्हणाला, "एक विचारू? तो नाकारलास का?"

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, निव्वळ कुतूहल होतं. वर्तमानपत्रात नामंजुरीची एकच ओळ आली होती, कारण न देता. खांब चुकले, की रुंदी, या विचारात तो कितीदा तरी एकटाच नदीकाठी जाऊन उभा राहिला होता.

या क्षणी खोटं बोलून त्याचं मन राखणं तिला सहज जमलं असतं. पण ती म्हणाली, "दोन्ही टोकांना नुसत्या पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्चीतला माणूस, बाबागाडी ढकलणारी आई... ती कशी चढणार?"

त्याने नकाशावरच्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं. "चव्वेचाळीस पायऱ्या," तो पुटपुटला आणि ओल्या डोळ्यांनी हसला. "अगं, बरोबर आहे तुझं. हे मला सुचलंच नव्हतं."

"मला क्षमा करा..."

"नामंजुरीची नाही करणार. ती योग्यच होती."

"त्या बोलण्याची."

"ती केव्हाच केली."

त्याने अभ्रे बाजूला सारले आणि इस्त्रीच्या टेबलावर नकाशा पसरला. "उतार द्यायचा तर पूल लांबेल. कुठून वळवावा?"

तिने खुर्ची जवळ ओढली. "बागेच्या बाजूने. तिथे जागा आहे, मी स्वतः पाहिलीय."

त्या दिवशी दोघांचं जेवण राहूनच गेलं.