वीटबंध

चंदगड तालुक्यात गेली वीस-पंचवीस वर्षं हळदीच्या आदल्या दिवशी नवरीला सदरा हुंगवतात. सदरा तिच्या जुन्या प्रियकराचा, अंगावरून काढलेला, न धुतलेला. त्याआधी तिला एक गोळी देतात. मग ती भडाभडा ओकते आणि भोवतालच्या बायका सुटलो म्हणून टाळ्या पिटतात. इतका ओंगळ प्रकार, पण पत्रिका वाटण्याइतका तो आता अंगवळणी पडला आहे.

त्यामागचं शास्त्र साधं आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर आपण आजारी पडलो, की पुढे त्याच्या नुसत्या वासानेही मळमळतं. मेंदू त्या वासाला विष समजून बसतो आणि सहसा समजूत बदलत नाही. गोळी हेच माणसाच्या अंगच्या वासाबाबत घडवून आणते. याला वीटबंध म्हणतात.

रेवती चौगुलेलाही लग्नाआधी सदरा हुंगवला होता, संग्राम देसाईचा. पुण्यातला संसार मोडून ती चाळिशीत माहेरी परतली. संग्राम अजून एकटाच होता. त्याच्या काजूच्या कारखान्यात ती भीतभीत गेली ती नाकाला रुमाल लावूनच.

"काढ की तो रुमाल," तो म्हणाला. "ओकलीस तर ओकलीस. आपलंच आवार हाय."

तिने काढला. भाजलेल्या काजूच्या वासातून एसटीच्या मागच्या बाकावरचा तोच जुना वास आला. मळमळलं नाहीच, उलट ऊर भरून आला. महिन्याभरात दोघांनी लग्नाचं ठरवलं. तरी रेवतीला धास्ती होती. बंध पुढे कधी जागा झाला तर? म्हणून त्याचा एक वापरलेला शर्ट घेऊन ती कोल्हापूरला गंधतज्ज्ञ कुंदा पाटणे यांच्याकडे गेली.

"तुमचा बंध शाबूत आहे, चांगला घट्ट आहे," तपासणीनंतर डॉक्टर म्हणाल्या. "फक्त या शर्टाच्या वासाशी तो नाही. घरात कुणाचा वास सहन होत नाही का?"

रेवतीला एकाचाच होत नव्हता. आबांचा. लग्नानंतर पहिल्या माहेरपणालाच तिला वडिलांची शिसारी आली होती. त्यांचं खाकरणं, चहा भुरकणं, भेगाळलेल्या टाचा, सगळंच. मग तिने माहेरी येणं तोडलं. आता आल्यावर तर तिने त्यांची खाट मागच्या पडवीत टाकायला लावली होती.

घरी आल्या आल्या तिने आईला धारेवर धरलं.

"देसायांच्या दारात जाऊन सदरा मागायचा?" आई म्हणाली. "गावभर बोभाटा झाला असता. म्हटलं, विधीच तर हाय. देव नसला की सुपारी मांडतोच न्हवं? खुंटीवरचा आबांचा काढला."

रेवतीने डॉक्टरांना फोन लावला. "सोडवा हो तो बंध."

"सुटेल. पण औषधाला निवड करता येत नाही. कुणाच्याही वासाला चिकटलेलं सगळंच सुटतं, किळसही आणि ओढही. संग्राम मग तुम्हाला रस्त्यावरच्या कुठल्याही माणसासारखे वाटतील."

रेवती खूप रडली. मग तिने ठरवलं, संग्राम गेला तर जाऊ दे. बापाचा काय दोष होता? आबांना तसं सांगायचं, त्यांचे पाय धरायचे, म्हणून ती जेवणाचं ताट घेऊन पडवीकडे निघाली.

उंबऱ्यातच तो वास आला. आबा निर्दोष आहेत हे तिला ठाऊक होतं, पण पोटाला कोण सांगणार? घशाशी आंबट आलं.

आबा खाटेवर भिंतीकडे सरकले. "थितंच ठेव, पोरी. जवळ नको येऊस, तुला सोसत न्हाई. मी दोनदा आंघोळ केलोय, तरी जाईना."

साबणाने घासघासून त्यांची मान सोलवटली होती. ती पाहून तिला दया यायला हवी होती. आली ती किळसच. या माणसासाठी संग्रामला सोडायचं? हा विचार तिचा होता की गोळीचा, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

तिने ताट उंबऱ्यावर ठेवलं, अंगणात येऊन संग्रामला फोन केला आणि म्हणाली, "तारीख पक्की कर."

मग तिला मोकळा श्वास घेता आला.