केसांतला कापूस

अनसिंगहून करडवाडीला निघालेली बैलगाडी वाटेत कुरकुरली आणि थांबलीच. गाडीवानाने गाडीखाली डोकं घातलं, तशी मनोरमा छत्री उघडून पायीच निघाली. सन पंचावन्नचा कार्तिक होता. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, आणि कुठूनतरी पाढे ऐकू येत होते... पावकीचे पाढे! भर शेतात?

ती बांधावर थांबली. बायका आणि पोरी ओळीने कापूस वेचत होत्या. त्यांच्यात एक उंच, सावळा तरुण कमरेला झोळी बांधून वेचता वेचता पाढे सांगत होता.

“अहो, शाळा कुठे आहे?” तिने विचारलं.

त्याने तिच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खांद्यावरची चामड्याची पिशवी पाहिली, आणि त्याच्या मुठीतला कापूस खाली पडला.

“शाळा? अशी... सरळ जा. लिंबाखाली. गुरुजी असतीलच तिथं.”

ती रमतगमत पोचली तेव्हा शाळा गच्च भरलेली होती. पोरी धापा टाकत होत्या. खुर्चीवर गळाबंद कोट घालून मुख्याध्यापक जानराव इंगोले बसले होते – तोच तो, मघाचा!

“नमस्ते, डिप्टीसाहेब. आमच्या शाळेत सगळं नियमानं चालते. अकरा ते पाच.”

“छान. पण गुरुजी, तुमच्या केसांत कापूस आहे.”

“वारा... वारा लय सुटला होता.”

लिंबाचं पानही हलत नव्हतं. मनोरमाला हसू आवरेना. “मी शाळा तपासणारी डिप्टी नाही हो, विद्यार्थिनी आहे. नागपूरला पीएच.डी. करते. मुख्याध्यापक शाळेचा कारभार कसा करतो, तिला पुढे कसा नेतो, ते पाहायला आले.”

“अन् मी तुमच्यापुढं शाळा घेऊन पळत सुटलो!” जानराव म्हणाला, आणि मग तोही खळखळून हसला.

गोष्ट साधीच होती. वेचणीत पोरी आयांबरोबर शेतात जात आणि शाळा ओस पडे. जानरावाने शाळाच शेतात नेली. सकाळी वेचताना पाढे आणि कविता, दुपार कलल्यावर लिंबाखाली लिहिणं. परवानगी कुणाचीच नव्हती. वरती कळलं असतं तर नोकरीवरच गदा आली असती, म्हणून कुणी साहेब दिसला की सगळी वरात आडवाटेने शाळेकडे पळे.

मनोरमा दोन दिवसांसाठी आली होती, ती वेचणी सरेपर्यंत कापूस वेचणाऱ्या गोजराबाईच्या घरी राहिली. गोजराबाईची मुलगी हिरी याच शाळेत होती. रोज सकाळी मनोरमाही शेतात उतरे. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून निघत.

“अशी ओढू नका, बाई. हळूच... तो आपणहून येते,” जानराव शेजारच्या ओळीतून म्हणे.

“कापूसच ना?”

“मंग? आणखी कोणाचं सांगून राह्यलो मी?”

ती मान खाली घाली. कान मात्र लाल होत, आणि ते त्याला दिसत. त्याचं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून ती मुद्दाम सावकाश वेचते, हे तिला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बांधावर बसून तिने विचारलं, “तुम्ही कधी परवानगी मागितलीत?”

“मागतली अन् नाई म्हटलं तर? पोरी घरी बसतील.”

“पण तुम्ही गेलात की तुमच्याबरोबर ही शाळाही जाईल. उद्या दुसरे गुरुजी आले तर? चोरून चालवलेलं चांगलं काम एकट्याचंच राहतं, गुरुजी.”

तो उठून झोळी आवरू लागला. तिला वाटलं, आपण त्याला दुखावलं. दुसऱ्या दिवशी गाडी निघेपर्यंत तिला चैन पडलं नाही.

नागपुरात तिने करडवाडीवर लिहिलं, आणि तेच तिच्या प्रबंधातलं सगळ्यात जिवंत प्रकरण झालं. पण मार्गदर्शक म्हणाले, “गावाचं आणि माणसाचं नाव नसेल तर याला अर्थ नाही. नाव घाला, नाहीतर प्रकरण काढा.” नाव घातलं तर जानरावाची नोकरी जाणार. काढलं तर इतक्या वर्षांच्या अभ्यासाचा प्राणच जाणार. ती खूप रडली. मग तिने ठरवलं, काढायचं. आणि हे त्याला समक्ष जाऊन सांगायचं.

वर्षाने ती परत आली. मधल्या काळात राज्यांची फेररचना होऊन गाव दुसऱ्या राज्यात गेलं होतं, करडवाडीचा कापूस मात्र तसाच फुटला होता. शेतात हिरी बाकीच्या पोरींना पाढे सांगत होती. जानराव बांधावर आपली वळकटी बांधत होता.

“मी ते प्रकरण काढून टाकतेय,” ती धापा टाकत म्हणाली.

“काहून?”

“तुमची नोकरी...”

“नोकरी हाये. हुद्दा गेला.” तो शांतपणे म्हणाला. “तुमीच इचारलं होतं न, परवानगी मागतली का म्हणून? मागतली. आधी काय काय केलं ते सगळं सांगून मागतली.”

“मग?”

“वेचणीतली शाळा मंजूर झाली. आता कोणीबी गुरुजी येवो, ती शेतातच भरते. अन् मले साधा मास्तर करून आसेगावले धाडलं.”

शेतातून गोजराबाई ओरडली, “बाई, तुमच्यापायी आमचा गुरुजी गेला वं!” पण तिचा आवाज हसरा होता.

मनोरमाचे डोळे भरून आले. “मी काय करून बसले...”

“जे मले जमत नव्हतं ते. आता लिहा. गावाचं नाव घाला, अन् माह्यंही.”

“घालीन. पण एक अडचण आहे.” ती छत्रीच्या टोकाने माती उकरू लागली. “मार्गदर्शक म्हणतात, ज्याच्यावर लिहायचं त्याच्याशी आपलं... काही नातं नसावं.”

जानरावाच्या हातातली दोरी तशीच राहिली. “आता नाई न?”

“आता नाही. प्रबंध सादर होईपर्यंत नाहीच.”

“अन् त्याच्यानंतर?”

ती जवळ आली. त्याच्या केसांत आजही कापूस होता. तो तिने हळूच काढला आणि मुठीत ठेवला.

“मंग लवकर लिहा न, बाई,” जानराव म्हणाला.